जुनी डिझेल सेडान आणि ‘किती देते?’चं उत्तर

डिझेल गाडी आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘किती देते?’, म्हणजे लिटरला किती किलोमीटर. वय, कागदपत्रं, अपघात झालाय का, हे सगळं नंतर. गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला तोही असाच. “मामा, २०१५ची डिझेल सेडान बघितलीय. पार्टी म्हणते बावीस देते. खरं असेल का?” मी म्हटलं, “देतही असेल. तू ती चालवणार कुठं?” त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

माझ्याकडे २०१९पासून अशीच एक सेकंडहँड सेडान आहे. २०१४चं मॉडेल, १.३ लिटरचं डिझेल इंजिन, पाच गिअर. घेतली तेव्हा मीटरवर ७८,००० किलोमीटर होते. टाकी भरली की कप्प्यातल्या वहीत लिटर आणि किलोमीटर लिहायचे, ही सवय वडिलांच्या स्कूटरपासूनची. त्या वहीत याच गाडीचे साडेतेरापासून साडेबावीसपर्यंत सगळे आकडे सापडतील. कोथरूड ते हिंजवडी भर ऑफिसच्या वेळेला चौदाच्या आसपास. पुणे-कोल्हापूर निवांत गेलो तर बावीस. एक्स्प्रेसवेवर एसी लावून सतत शंभरने, अठरा-एकोणीस. आता यातलं ‘अ‍ॅव्हरेज’ कोणतं सांगायचं?

कंपनीचा आकडा वेगळाच असतो. मारुती डिझायरच्या डिझेलला २०१२मध्ये २३.४ किलोमीटरचा आकडा होता, २०१५ला तो २६.५९ झाला आणि २०१७च्या नव्या मॉडेलला थेट २८.४. होंडा सिटी डिझेल २६ सांगायची. हे आकडे कुणी हवेतून काढलेले नसतात. पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे लोक जिला सरळ ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, तिथली १९६६ साली सुरू झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्या करते. हरियाणात मानेसरला आयकॅट नावाची तशीच संस्था आहे, तिथंही होतात.

चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. खोलीतल्या मोठ्या रोलरवर चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं, परत निघायचं. सगळं मिळून वीसेक मिनिटं आणि अकरा किलोमीटरच्या आत. वेग कधीच ताशी ९०च्या वर जात नाही. एसी बंद. मागे सासूबाई, मुलं, कोकणातून आणलेली आंब्याची पेटी, असं काही नाही. डिझेल मोजतात तेही टाकीतून नाही, धुरातून: धुरात किती कार्बन बाहेर पडला, त्यावरून किती इंधन जळलं याचा हिशेब. दोन गाड्यांची तुलना करायला ही पद्धत उत्तम आहे, कारण परीक्षा दोघींना सारखीच. पण तोच आकडा तुमच्या रस्त्यावर मिळेल, असं कुणी कबूल केलेलं नाही. माझा ढोबळ ठोकताळा असा की मिश्र वापरात त्यातले वीस टक्के तरी सोडून द्यायचे, आणि नुसता शहरात वापर असेल तर तीस-पस्तीस.

तरीही तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा डिझेल जास्त जाते, हे खरं. कारणं तीन. पहिलं अगदी साधं आहे आणि नेमकं तेच लोक विसरतात: डिझेल जड असतं. लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त ऊर्जा असते. आपण लिटरवर घेतो, वजनावर नाही, त्यामुळे हा भाग जवळजवळ फुकटात पदरात पडतो. दुसरं म्हणजे दाब. पेट्रोल इंजिनात हवा दहा-अकरा पट दाबली जाते, या जुन्या डिझेल इंजिनांत सतरा-अठरा पट. इतकी दाबलेली हवा एवढी तापते की डिझेल फवारलं की आपसूक पेटतं, स्पार्क प्लग लागत नाही. जितकं जास्त दाबायचं, तितकं त्या आगीतून जास्त काम निघतं.

तिसरं कारण शहरात कामाला येतं. पेट्रोल इंजिनाला कमी ताकद हवी असली की ते हवेचा रस्ता अर्धवट बंद करतं. नाक चिमटीत धरून पळण्यासारखं ते: पळणं राहिलं बाजूला, श्वास ओढण्यातच दमछाक. डिझेल इंजिन हवा पोटभर घेतं आणि फक्त डिझेल कमी-जास्त फवारतं. रांगेत हळूहळू सरकताना पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज जसं कोसळतं, तसं डिझेलचं कोसळत नाही ते यामुळे.

मग हिंजवडीच्या रस्त्यावर माझे बावीसचे चौदा का होतात? उभी गाडीही पिते म्हणून. असं छोटं डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला अर्धा लिटर कुठंच गेलं नाही, एसी असेल तर त्याहून जास्त. आता धरा की पंधरा किलोमीटरचा रस्ता आहे आणि मोकळा असता तर अठराच्या हिशेबाने ०.८३ लिटर लागलं असतं. त्यात अर्धा तास सिग्नलला आणि कोंडीत गेला, पाव लिटर तिथं. झालं १.०८ लिटर, म्हणजे किलोमीटरमागचा हिशेब चौदाच्या आत आला. इंजिनात काहीही बिघाड नाही. तरी लोक अशा वेळी इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारे नळ, साफ करून घ्यायला गॅरेज गाठतात.

थंड इंजिन हा दुसरा चोर. डिझेल इंजिन उष्णता वाया कमी घालवतं, म्हणून ते तापायलाही वेळ घेतं. डिसेंबरच्या सकाळी माझ्या गाडीचा काटा मध्यावर यायला सात-आठ किलोमीटर लागतात. तोवर ऑइल जाड, घर्षण जास्त, डिझेलही जास्त. ज्याचं ऑफिसच पाच किलोमीटरवर आहे, त्याची गाडी आयुष्यभर थंडच चालते. त्याला पंधरा मिळाले तरी त्याने देवाला नारळ फोडावा.

वेगाचं गणित मात्र लोकांच्या पचनी पडत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून १०० केलेत तर वेग सव्वापट झाला, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त, १.५६ पट. एक्स्प्रेसवेवर गाड्यांना ताशी १००ची मर्यादा आहे. तिथं ८५ने गेलो तर वाशीला पोचायला दहा-बारा मिनिटं जास्त लागतात आणि वहीत दोन-अडीच किलोमीटर जास्तीचे दिसतात. दरवेळी मी तसं करतो असं नाही. टपावर रिकामं कॅरिअर बारा महिने मिरवणाऱ्यांना तर हे कोणीतरी एकदा सांगायला हवं.

घाटाबद्दल मात्र उलटी गंमत आहे. बोरघाटात गाडी डिझेल ढोसते, असं सगळे म्हणतात. हिशेब करून बघू. माणसं-सामानासकट १,४०० किलोची गाडी समुद्रसपाटीवरून लोणावळ्याला सहाशे मीटर वर न्यायची. वजन, उंची, गुरुत्वाकर्षण यांचा गुणाकार केला, इंजिन मिळालेल्या ऊर्जेतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच चाकापर्यंत पोचवतं हे धरलं, तर चढाईसाठी लागणारं जादा डिझेल येतं ०.६५ लिटर. साठ रुपयांच्या आत. मुंबई-पुणे प्रवासात ते जाणवतं, पण घरदार विकायला लागत नाही. आणि परतीला त्यातलं बरंचसं वसूल होतं, अट एकच: गाडी गिअरमध्ये हवी.

खंबाटकी उतरताना न्यूट्रल करून गाडी सोडणारे महाभाग अजून भेटतात. त्यांची समजूत अशी की इंजिनाला विश्रांती मिळते. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडाफार अर्थ असेल. आताच्या कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे जिथं फवारणी कॉम्प्युटर ठरवतो अशा इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर फवारणीच बंद करतो, चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. डिझेल शून्य. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून फवारणी चालूच ठेवावी लागते. म्हणजे न्यूट्रलवाला डिझेलही जाळतो आणि इंजिनाचा ब्रेकही गमावतो. उतारावर ब्रेक तापून पकड सोडायला लागले की काय होतं ते तुम्हीच ओळखा.

आता मोजायचं कसं. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा खुशमस्कऱ्या असतो, माझा तरी प्रत्यक्षापेक्षा एक-दीड जास्तच दाखवतो. टाकी फुल करायची, मीटर शून्य, परत फुल करायची, भागाकार. सोपं आहे. पण डिझेलला एक खोड आहे: ते फेसाळतं. पंपावर नोझल जोरात सोडलं की फेस वर येतो आणि ऑटो कट लवकर पडतो. टाकीत अजून दीड-दोन लिटरला जागा असते. तोच पंपवाला हळू भरत असेल तर दोन लिटर जास्त बसतात. दहा लिटर टाकून अ‍ॅव्हरेज काढलं आणि त्यात एका लिटरची गफलत झाली, तर तुमचं अठराचं वीस किंवा सोळा होतं. पाच टाक्यांची बेरीज केली, दोनशे लिटर, तर तीच गफलत अर्ध्या टक्क्यावर येते. म्हणून एका टाकीच्या आकड्याला मी अफवा समजतो. मीही एकदा ‘साडेबावीस दिले’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर मिरवलो होतो. पुढच्या टाकीला पंधरा आले तेव्हा गप्प बसलो.

आणि सरासरीची सरासरी काढू नका. महिन्याला शहरात ३०० किलोमीटर बाराने आणि हायवेला ३०० किलोमीटर बावीसने चालवली तर ‘सतरा’ येत नाहीत. शहरात २५ लिटर लागलं, हायवेला १३.६. सहाशे भागिले ३८.६, उत्तर साडेपंधरा. वाईट किलोमीटर जास्त डिझेल खातात, म्हणून हिशेबात त्यांचं वजनही जास्त. याच कारणाने दहाची गाडी बारावर आणणं हे विसाची चोवीसवर आणण्यापेक्षा खिशाला जास्त उपयोगाचं: हजार किलोमीटरला पहिलीत जवळजवळ सतरा लिटर वाचतात, दुसरीत आठ.

एवढं सगळं समजूनही २०२१च्या पावसाळ्यानंतर माझी वही बिघडली. एकोणीसच्या जागी सलग तीन टाक्या साडेसोळा. रस्ता तोच, हवा भरलेली, एअर फिल्टर नवा. धूर नाही, पिकअप ठीक. मनात इंजेक्टरची, टर्बोची बिलं दिसायला लागली. मिस्त्रींनी गाडी एक चक्कर फिरवून आणली, खाली उतरले आणि बॉनेटकडे बघितलंही नाही. चारही चाकांजवळ एकेक करून हात नेला. “साहेब, इकडं या. लांबूनच हात धरा, लावू नका.” मागचं डावं चाक तव्यासारखं तापलं होतं. पावसात गाडी दोन आठवडे हॅन्डब्रेक ओढून उभी ठेवली होती, केबल गंजून अर्धवट अडकली होती आणि ब्रेकचे लायनर त्या चाकाला सतत घासत होते. तीन महिने मी एक पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी चालवत होतो म्हणायचं. केबल बदलली, पुढची टाकी अठरा पॉइंट आठ. तेव्हापासून बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाखाली वीट लावतो.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा हीच तपासणी करता येते, तीही विकणाऱ्याच्या समोर. सपाट मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात न्यूट्रल करून किती मोकळी धावते ते बघायचं. चटकन मंदावली तर काहीतरी अडतंय. मग थांबून चाकांजवळ हात. इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा चालू करून दाखवा म्हणायचं. ‘आत्ताच फिरवून आणली’ असं म्हणून आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जायचं.

कमी चाललेल्या डिझेलचा आनंद मानण्याआधी एक प्रश्न विचारा. ही गाडी नवी घेताना मालकाने पेट्रोलपेक्षा लाखभर तरी जास्त मोजले, ते वर्षाला चार हजार किलोमीटर चालवायला? २०१२च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१च्या आत होतं, आणि ज्याला खूप फिरायचं तो डोळे झाकून डिझेल घेत होता. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर मोकळे केले आणि ती दरी आटत गेली. म्हणजे त्या काळातली डिझेल बहुतेक भरपूर चाललेलीच असणार. मीटर मागे फिरवणं सोपं आहे. क्लचच्या पेडलचं रबर झिजलंय का ते बघा, आणि सर्व्हिसच्या जुन्या नोंदी पुसणं तितकं सोपं नाही. काही सेडान पूर्वी टॅक्सी होत्या आणि नंतर पांढरी पाटी लावून खासगी झाल्या. आरसीवरचा इतिहास वाचला की कळतं.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते त्याचंही कारण आहे. २०१५ला राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली, २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, २०२५मध्ये मात्र सैल केली. तिथं भाव पडला, गाड्या इकडे यायला लागल्या. पण एनओसी, आपल्या आरटीओत पुन्हा नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, हे मिळवून मग स्वस्त किती उरली ते बघा.

एप्रिल २०२०नंतरची बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणारी, डिझेल घेणार असाल तर मामला आणखी वेगळा. मारुतीने त्या वेळी डिझेलच सोडलं, होंडानेही २०२३मध्ये सोडलं. त्यामुळे बाजारात मोजक्याच मिळतील. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी साठली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल फवारून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि ती जाळून टाकते. त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग पळणं लागतं. तुम्ही नेमकी तेव्हाच गाडी बंद करून भाजी आणायला गेलात, आणि रोज तसंच, तर काजळी जळत नाही आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तपासायला अवजार लागत नाही: ऑइलची पट्टी ओढून बघा. पातळी कमी असेल तर ऑइल टाकता येतं. वरच्या खुणेच्याही वर असेल तर मालकाला विचारा की गाडी हायवेला कधी गेली होती.

उरला पैशांचा हिशेब. २०२४च्या उत्तरार्धातले मुंबईचे भाव घेऊ: पेट्रोल १०३.५०, डिझेल नव्वद. पेट्रोल सेडानला खरे चौदा आणि डिझेलला खरे अठरा धरले, तर वर्षाला दहा हजार किलोमीटरमागे पेट्रोलला ७४ हजार लागतात, डिझेलला ५० हजार. चोवीस हजारांचा फरक. त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून फरक थोडा आणखी डिझेलच्या बाजूने झुकतो. पण पाच हजार किलोमीटरच चालवलीत तर फरक उरतो बाराच हजारांचा, आणि एकदा टर्बो किंवा इंजेक्टरचा संच बदलायची वेळ आली की तशी दोन-तीन वर्षं एका बिलात जातात.

भाच्याचं रोजचं जाणं सिंहगड रोड ते स्वारगेट, महिन्याला साडेचारशे किलोमीटर. त्याने बघितलेल्या गाडीच्या मीटरवर ४१,००० होते. क्लच पेडलचं रबर आरशासारखं गुळगुळीत होतं, म्हणून त्याला सर्व्हिस सेंटरात नंबर देऊन चौकशी करायला लावली. २०१९च्या नोंदीतच ९६,००० निघाले. तो व्यवहार तिथंच संपला. परवा परत फोन. “मामा, डिझेलचं सोडलं. एक पेट्रोलवाली बघितलीय. पार्टी म्हणते वीस देते.”